म्हातारीची शेवटची फेरी

रिबूमावशी आणि बालांगकाका एकाच लांबघरात, म्हणजे बऱ्याच कुटुंबांच्या एका लांबलचक घरात, भिंतीला भिंत लावून राहायचे, आणि तीस वर्षांत दोघांनी एकमेकांचं काही म्हणून खरं मानलं नव्हतं. त्यामुळे मावशीने जाहीर केलं, की मंगळवारी विमान उडायच्या आत लियान आपल्या सुपांगला लग्नाचं विचारणार, तेव्हा काकांनी अननसाची फोड तोंडात टाकत निकाल दिला – तो पोरगा इंजिनाशी बोलतो, माणसांशी नाही. नाही विचारणार.

झालं, पैज लागली. हरेल त्याने धावपट्टीवरच्या वजनकाट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन भोंग्यावरून गावाला ऐकवायचं.

हसू नका. आमच्या डोंगरात रस्ता नाही, ये-जा सगळी विमानाने. विमानही एवढंसं, की माणूस सामानासारखा तोलूनच आत घ्यावा लागतो. म्हणून रीत अशी, की आकडा कागदावर लिहायचा, तोंडाने कधी बोलायचा नाही. नवराबायकोलाही एकमेकांचा खरा आकडा ठाऊक नसतो.

तो काटा सांभाळायची मावशीची भाची सुपांग. आणि विमानाला सगळे म्हणायचे म्हातारी. एकोणीस खुर्च्या, दोन पंखे, पावसात गळणारी एक खिडकी. एकतीस वर्षांत हिने नव्या नवऱ्या आणल्या, शाळेचे फळे आणले, सुटा करून एक पियानो आणला. मावशीचा थोरला तर हिच्या पोटात, ढगांमध्येच जन्मला. तिची आता शेवटची फेरी. शुक्रवारपासून नवं विमान.

लियान म्हातारीचा मेकॅनिक. दर मंगळवारी, शुक्रवारी तिच्यासोबत किनाऱ्यावरच्या शहरातून यायचा, तिच्यासोबतच परत जायचा. दोन वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा काट्यावर चढला तेव्हा भरला पासष्ट किलो. अंगाने तर बगळा. सुपांगने मान वर केली.

"खिशात काय आहे?"

"पाने. नट आवळायचे."

"काढ. परत चढ."

त्याने एकेक पाना टेबलावर मांडला – इतका सावकाश, की रांगेतल्या बायका खोकायला लागल्या. पुन्हा तोलला तर बासष्ट. पुढच्या मंगळवारी खिशात परत पाने. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही. सुपांग म्हणायची, तुला विसरायचा रोग आहे का. तो म्हणायचा, हो, फक्त इथेच होतो. पाने काढून पुन्हा तोलायला दोन मिनिटं लागायची, आणि त्या दोन मिनिटांसाठी ती सकाळी केसांत फूल खोवून यायची.

आता गेल्या शुक्रवारी त्याने सांगितलं, की नोकरीची दोन पत्रं आलीत. एक सिंगापूरहून, मोठ्या विमानांच्या कारखान्यातून. दुसरं नव्या विमानाचं, इथल्याच फेऱ्यांसाठी. मंगळवारी संध्याकाळपर्यंत कळवायचंय. एवढं बोलून तो बघत राहिला... आणि सुपांग काय म्हणाली? "हं." नुसतं हं. चार दिवस ती स्वतःवरच चिडून होती.

मंगळवारी अख्खा डोंगर धावपट्टीवर लोटला. मुलांचा बांबूच्या पाव्यांचा बँड, म्हाताऱ्यांच्या डोक्यांवर ठेवणीतल्या मण्यांच्या टोप्या. कुणी विमानाच्या पोटावरून हात फिरवत होतं, कुणी त्या गळक्या खिडकीशी फोटो काढत होतं. सुपांगने अठरा जण तोलले. सगळ्यांत शेवटी लियान चढला.

बासष्ट. पहिल्या फटक्यात.

"खिसे रिकामे?" तिचा आवाज जरा चिरकलाच.

"आज... तुला त्रास नको, म्हटलं."

खाली मान घालून तिने बेरीज मांडली. साठ किलो जास्त. गावाने प्रेमापोटी शहरातल्या सोयऱ्यांसाठी दिलेला तांदूळ, दुसरं काय. इथलं शेंबडं पोरही नियम जाणतं – आधी माल उतरतो, मग माणूस. हमाल तीन पोत्यांकडे वळलेसुद्धा.

सुपांगने भोंगा उचलला.

"तांदूळ राहू दे. लियान उतरेल."

पावे बंद पडले. पायलटने खिडकीतून डोकं काढलं, दोन्ही इंजिनं तपासून झालीत का विचारलं. लियानने मान हलवली. मग पायलट म्हणाला, इंजिनं चालत असली की मेकॅनिक म्हणजे नुसतं वजन, आणि डोकं आत घेतलं.

लियान टेबलाशी आला. कान लाल.

"सुपांग, आधी तांदूळ उतरवतात."

"माहितीये मला."

"मग मी का?"

तिने भोंगा खाली ठेवला, पण बटण बंद करायचं राहून गेलं. "तांदूळ परत पिकतो," ती म्हणाली. "तू सिंगापूरला गेलास तर मी काय पेरू?"

हे साऱ्या डोंगराने ऐकलं. लियान म्हणाला, की उत्तर इथल्या रेडिओवरून कळवलं तर चालेल ना, दोन ओळी तर आहेत. नव्या विमानाला हो कळवतो. आणि मावशीकडे रीतसर मागणी घालायला शुक्रवारपर्यंत वेळ आहे.

"आज हात धरायला काय झालंय?" सुपांग म्हणाली, आणि त्याचा हात धरला. काळा, तेलकट, गरम.

म्हातारी धावली, उडाली. डोंगरावरून वळताना तिने एक पंख असा कलवला, की बायकांनी पदर नसतानाही डोळे पुसायला काहीतरी शोधलं. ठिपका होईतो कुणी हललं नाही.

मग बालांगकाकांनी घसा खाकरला. मुलाने विचारलं नाही, पोरीने उतरवला, तेव्हा पैज कोण हरलं ते सांगायला नको.

"पोरगी आमच्याच घरची ना," असं म्हणत रिबूमावशी राणीसारखी चालत काट्यावर चढली. पोरांनी ढकलाढकली केली. सुपांगने काटा बघितला, भोंगा तोंडाशी नेला, हसू गिळलं.

"एक्क्याऐंशी."

मावशीचा नवरा मटकन खाली बसला. लग्नाच्या वेळी बावन्न सांगितलं होतं, हे त्याने तिथेच चारचौघांत बोलून दाखवलं. मावशीने चपला काढल्या, मण्यांची टोपी काढून काकांच्या हातात कोंबली आणि फर्मावलं, परत तोल.

"ऐंशी," सुपांगच्या हातून भोंगा घेऊन लियान म्हणाला.