डावा खांब

आर्विड कोस्की सकाळी नऊ वाजता लोइस हापालाच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. समोर ठेवलेल्या कॉफीला त्याने हात लावला नाही.

"ओरिनला मी शुक्रवारी कामावरून काढलं," तो म्हणाला. "एकतीस वर्षं होता माझ्या कारखान्यात. बरोबर केलं की चूक, तेवढं शोधून दे."

लोइसने बावीस वर्षं एका विमा कंपनीसाठी जळालेल्या घरांची चौकशी केली होती. निवृत्तीनंतर ती गावकऱ्यांची कामं घरूनच बघायची. तिच्या शेजारी वेंडेल बसला होता. त्याचा जन्म शाळेची बस चालवण्यात गेला आणि आता तो लोइसची गाडी चालवायचा. तो गाडीही सावकाश चालवायचा आणि विचारही सावकाशच करायचा.

"काय केलं ओरिनने?" लोइसने विचारलं.

"खांब जाळला. एल्सीच्या गाडीचा."

एल्सी म्हणजे आर्विडची बायको. ती जानेवारीत गेली. आमच्या मिशिगनच्या या उत्तर टोकाला जमीन मेपर्यंत दगडासारखी असते, म्हणून हिवाळ्यात गेलेली माणसं दफनभूमीच्या तळघरात वसंताची वाट बघत थांबतात. एल्सीही थांबली होती. तिचं दफन येत्या शनिवारी होतं आणि तिच्या वडिलांच्या अठ्ठेचाळीस सालच्या, लाकडी सांगाड्याच्या मोटारगाडीतून तिला न्यायचं, एवढंच आर्विडने मनाशी धरलं होतं. बाकी कशातच त्याचं लक्ष नव्हतं. हे सगळं त्याने हवामानाची बातमी वाचावी तसं सांगितलं.

"दारामागचे दोन्ही खांब कुजले होते. जुना खांब मशीनवर ठेवून त्याचा आकार संगणकात घ्यायचा आणि नव्या लाकडातून तसाच कोरायचा, अशी पद्धत आहे आमची. नवा खांब नीट बसेपर्यंत जुना फेकायचा नाही. संगणकात चुकलं तर दुसरी नोंदच नसते ना त्या आकाराची. दोन्ही नवे कोरून झाले. उजवा बसला, पण डाव्याला वर फट राहिली. गुरुवारी म्हटलं, उद्या जुन्याशी ताडून बघू. शुक्रवारी सकाळी जुना डावा गायब, आणि शेगडीच्या राखेत त्याची बिजागरी."

"शेगडी कोण पेटवतं?"

"ओरिन. रोज."

"मग झालंच की," वेंडेल म्हणाला.

"ओरिन काय म्हणतो?" लोइसने विचारलं.

"काहीच नाही. हो नाही, नाही पण नाही. डबा उचलला आणि घरी गेला."

जुन्या लाकडी गाड्या दुरुस्त करायचा आर्विडचा कारखाना म्हणजे सरोवराच्या काठची एक लांबट पत्र्याची इमारत. अर्ध्या भागात कोरणीचं मशीन होतं, अर्ध्यात ओरिनचं जुनं बाक. मधे दारं काढलेली एल्सीची गाडी उभी होती. नवे खांब गाडीतून काढून भिंतीला टेकवून ठेवले होते, आणि जुना उजवा खांब बाकावर पडला होता, खालून भुसा झालेला.

"ही खाच कसली?" जुन्या खांबाच्या वरच्या टोकाला बोट घालत लोइसने विचारलं.

"माझ्या सासऱ्यांनी पाडली. मासे धरायच्या काठ्या अडकवायला. स्वतः डावीकडे बसून गाडी चालवायचे ना, म्हणून काठ्या पलीकडच्या बाजूला. एल्सी म्हणाली होती की ती खाच राहू दे."

लोइस भिंतीशी गेली. एका नव्या खांबाची खाच तिने चाचपली, मग दुसऱ्याची. दोन्ही गुळगुळीत होत्या.

"सुंदर काम आहे," ती म्हणाली.

"लाकूडही तिच्या माहेरच्या अंगणातल्या झाडाचं. किडीने मेलं ते झाड. दोन खांबांपुरतीच फळी निघाली."

राखेत सापडलेलं सगळं आर्विडने एका काचेच्या बरणीत ठेवलं होतं. काळी पडलेली बिजागरी आणि नऊ स्क्रू. लोइसने बरणी खिडकीच्या उजेडात धरून स्क्रू मोजले आणि खिशात घातली.

आर्विडचा मुलगा क्लिंट मशीनपाशी होता. वय छत्तीस, दाढी वाढलेली. तो दोन वर्षांपूर्वी गावी परतला होता.

"आधी कुठे होतास?" लोइसने विचारलं.

"खाली दक्षिणेला, ग्रँड रॅपिड्सजवळ. स्वयंपाकघरातली कपाटं बनवायचा कारखाना होता. असलीच मशीनं होती."

"हे दोन्ही खांब तूच कोरलेस?"

"हो. मंगळवारी उजव्याचा आकार घेतला, बुधवारी डाव्याचा."

"मग डाव्याला फट का?"

"गाडी पंचाहत्तर वर्षांची आहे. सांगाडा बसला असेल त्या बाजूला."

"आणि ओरिन? त्याने का जाळला असेल?"

क्लिंटने मशीनवरचा भुसा हाताने झाडला. "ओरिनकाकांना मशीन आवडत नव्हतं. मी कशाला काही बोलू?"

परतताना वेंडेल म्हणाला, "सरळ आहे गं. मशीन आलं, म्हाताऱ्याचं काम गेलं. राग निघाला कुठेतरी."

"राग मशीनवर होता तर मशीनचं काम जाळायचं. नवे खांब शेजारीच होते ना?"

वेंडेलने पुढच्या चौकापर्यंत विचार केला. "घाईत दिसले नसतील."

ओरिन पेनहेल घरी एकटाच होता. त्याने मांस-बटाटा भरलेली पास्टी गरम केली, दोघांपुढे ठेवली आणि स्वतः मागच्या पडवीत जळण फोडायला बसला. ते दोघेही ताटल्या घेऊन मागे गेले.

एका मोडक्या पेटीच्या फळ्या होत्या. ओरिन प्रत्येक फळी उलटीपालटी करायचा, पक्कडीने खिळा उपसायचा, डब्यात टाकायचा आणि मगच फळी फोडायचा. भिंतीशी असे खिळ्यांचे आणि स्क्रूंचे कॉफीचे डबे ओळीने मांडलेले होते.

"जाळायच्याच ना त्या?" वेंडेल म्हणाला. "कशाला एवढा उपद्व्याप?"

ओरिनने डावा हात वर केला. करंगळी नव्हती. "खिळा राहिला होता फळीत. करवत उडाली. त्यानंतर लोखंडासकट लाकूड मी शेगडीतसुद्धा घातलेलं नाही. आर्विड हसायचा मला."

"जुन्या गाडीची डावी आणि उजवी बाजू सारखी असते का रे, ओरिन?" लोइसने विचारलं.

"कधीच नसते. तेव्हा माणसं बाकावर घासून घासून बसवायची. अर्धा इंच इकडेतिकडे असायचंच. एक गाडी उघडली की कळतं."

"क्लिंटने किती उघडल्यात?"

ओरिन थांबला. "पास्टी गार होतेय तुझी," तो म्हणाला. आणि त्याने पुढची फळी उचलली.

दुसऱ्या दिवशी दुपारी लोइसने सगळ्यांना कारखान्यात बोलावलं. ओरिनला वेंडेल घेऊन आला. तो दाराशीच उभा राहिला. आर्विड बाकावर बसला, हात मांडीवर ठेवून.

"आर्विड, तू चूक केलीस," लोइस म्हणाली. "ओरिनने खांब जाळला नाही."

तिने बरणी बाकावर ठेवली. "नऊ स्क्रू आणि बिजागरी. जाळणाऱ्याने एकही काढला नव्हता. ओरिन पेटीच्या फळीतलासुद्धा खिळा काढून मग जाळतो. शेगडी तो पेटवतो हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून खापर त्याच्यावर फुटलं."

"मग कोण?" वेंडेलने विचारलं.

"गेला फक्त जुना डावा. जुना उजवा इथेच आहे, नव्यांनाही धक्का नाही. म्हणजे राग नव्हता, चोरी नव्हती. नवा डावा जुन्याशी ताडायचा, असं आर्विड गुरुवारी म्हणाला आणि रात्रीत जुना नाहीसा झाला. तो ताडला जाऊ नये एवढंच कुणाला तरी हवं होतं."

ती भिंतीपाशी गेली आणि नव्या डाव्या खांबाच्या टोकावर तिने बोट ठेवलं.

"आर्विड, ही खाच बघ."

आर्विडने बघितलं. बराच वेळ बघितलं.

"तुझ्या सासऱ्यांनी खाच पाडली ती पलीकडच्या बाजूला, उजव्या खांबाला. डाव्याला नव्हतीच. मग नव्या डाव्याला कुठून आली? डाव्याचा आकार कुणी घेतलाच नाही. उजव्याचाच संगणकात आरशातल्यासारखा उलटा करून कोरला, खाचेसकट. कपाटांच्या कारखान्यात तसंच करतात आणि तिथे ते चालतं. या गाडीला चाललं नाही. तुझ्या डोळ्यांसमोर आठवडाभर होता हा खांब, पण तू काही बघतच नव्हतास."

क्लिंटने नाकारलं नाही. त्याचा आवाजही बापासारखाच सपाट होता.

"बसवायला गेलो तेव्हा कळलं. फळी संपली होती. आजोबांच्या झाडाची, दुसरी मिळणार नव्हती. तुम्हाला सांगायला मी दोनदा स्वयंपाकघरात आलो, बाबा."

"कधी?"

"बुधवारी आणि गुरुवारी. तुम्ही खुर्चीत बसला होता. मी हाक मारली. तुम्ही बघितलंसुद्धा नाही."

"मला आठवत नाही," आर्विड म्हणाला, आणि ते खरं होतं. "आणि ओरिन गेला तेव्हा?"

"तेव्हाही बोलायला हवं होतं. नाही बोललो."

आर्विड दाराकडे वळला. "तुला माहीत होतं?"

"राख मीच काढतो ना," ओरिन म्हणाला. "स्क्रू दिसले तेव्हाच कळलं."

"मग गप्प का बसलास?"

"तुझी बायको जानेवारीत गेली. मेमध्ये मुलगाही जायला नको होता. मला काढलंस तर मी आपल्या घरी जातो. तो कुठे गेला असता?"

 मशीनचा पंखा तेवढा फिरत होता.

"उद्यापासून ये," आर्विड शेवटी म्हणाला. "मी चुकलो."

"येईन. पण लाकूड दुसरं आणावं लागेल आणि आकार आता गाडीच्या सांगाड्यावरून काढावा लागेल. क्लिंट मशीनवर, मी हाताने, तरी तीन आठवडे. शनिवारपर्यंत होत नाही."

"मग तारीख पुढे ढकला," वेंडेल म्हणाला.

आर्विडने गाडीकडे बघितलं. दारांच्या जागी पोकळी होती, तिच्यातून पलीकडची खिडकी दिसत होती.

"नको," तो म्हणाला. "चार महिने झाले तिला त्या तळघरात. मीच धरून बसलो होतो गाडी गाडी करत. तळघरापासून कबरीपर्यंत उचलून नेऊ. सहा माणसं लागतात." तो क्लिंटकडे वळला. "तू पुढे धर. माझ्या जोडीला."

क्लिंटने मान हलवली. 

"मी आहे," ओरिन म्हणाला.

"मी पण. आणि लोइस," वेंडेलने बोटं मोजली. "पाच झाले."

"सहावा चर्चमध्ये मिळेल," लोइस म्हणाली.

आर्विड उठला. मुलाच्या शर्टाच्या खांद्यावर भुसा होता, तो त्याने झटकला. हात तिथेच राहिला.

"जेवलास का रे?" त्याने विचारलं.

"नाही."

"कालपासून?"

"नाही, बाबा."

"चल मग," आर्विड म्हणाला. "मी पण नाही जेवलो."