माझ्या तोंडचा होकार

चौऱ्याहत्तर सालचा मार्गशीर्ष. अख्खं कोल्हापूर शेकोटीभोवती हात चोळत बसलेलं, आणि मी शाळेच्या वाटेवर घामानं चिंब! छातीतून वाफ उठायची ती थेट कानांपर्यंत चढायची. लक्ष्मीपुरीतल्या बर्फाच्या कारखान्याचं दार उघडं दिसलं, तशी मी सरळ आत घुसले आणि बर्फाच्या लादीवर दोन्ही तळहात टेकले.

"थंडीत बर्फाला गिऱ्हाईक न्हाय म्हणून रडत बसलोतो," मागून आवाज आला. "तुमी तर लादीला मिठीच मारायला निघालाय की, बाई."

तो आकाराम. कारखान्याचा मालक, पन्नाशीचा, विधुर, मिशीआड हसणारा. काय झालंय, का झालंय, काही विचारलं नाही त्यानं. खुर्ची सरकवली आणि स्वतः कानटोपी ओढून शेजारी कुडकुडत उभा राहिला. आवडला मला... सेहेचाळिसाव्या वर्षी, बिनलग्नाच्या मास्तरणीला, पहिल्या भेटीतच आवडला. मग? आवडायला काय भावाची चिठ्ठी लागते?

मग रोजच जायला लागले. संक्रांतीला तिळगूळ देताना त्यानं माझा हात जरा जास्तच वेळ धरला, आणि लग्नाचं विचारलं. मी म्हटलं, थांबा, आधी डॉक्टरीणबाईंना दाखवून येते.

बाईंनी नीट समजावलं. पाळी जायला आलीय. अंगातली हार्मोन्स एकदम संपत नाहीत, काही वर्षं कमी-जास्त होत राहतात. म्हणून पाळी कधी दोन महिने गायब, कधी पंधरा दिवसांत हजर. अंग पेटतं, झोप उडते, डोकं फिरतं. आजार नाही हा. मी जशीच्या तशी सगळी हकीकत आकारामला सांगितली.

"मूल बहुतेक व्हायचं नाही आता," मी म्हटलं. "आणि उगाचच खेकसेन तुमच्यावर."

"खेकसा की. घर लई शांत हाय माझं."

सगळं सुरळीत झालं असतं हो. पण एका शुक्रवारी गल्लीतल्या देवीच्या आरतीला ढोल, कापूर, गर्दी... आणि माझं अंग पेटलं. तोंड लालबुंद, श्वासासाठी मान इकडं-तिकडं. शेजारच्या धोंडुबाई ओरडल्या, अंगात आलं! झालं. कपाळभर हळदकुंकू, पायांवर डोकी. देवीबिवी काही नाही म्हणून मी घसा फोडून सांगत होते, तर म्हणे देवी कधी कबूल करती व्हय? तेव्हापासून दर शुक्रवारी मला पाटावर बसवायला लागले, आणि मी ज्याच्या घरी राहायचे त्या दादाचा गल्लीतला रुबाब वाढला. आकाराम मागणी घालायला आला तेव्हा दादानं कानांवर हात ठेवले. देवीचं झाड हाय ती, देवी येती तिच्या अंगात, झाडाचं कोण लगीन लावतं? गल्लीवर कोप व्हईल. वर मला धमकी, की त्या बर्फवाल्याकडं गेलीस तर हे घर बंद.

वहिनीनं हळूच युक्ती सुचवली. "वन्सं, शुक्रवारी देवी व्हऊन सांगा, माझं लगीन लावा म्हणून. कोण न्हाय म्हणंल?"

खोटं कशाला बोलू, मोह झाला. आकारामला सांगितलं, तर म्हणाला, तुमी म्हणशीला तसं.

"उद्या भांडण झालं की म्हणाल, देवीनं गळ्यात मारली."

"न्हाय म्हणणार."

"पण मला कळायला नको... हो मी म्हटलं की तिनं?"

शुक्रवार आला. ढोल वाजला, आणि अंगही पेटलं. धोंडुबाईंनी हात जोडले, बोल आई, काय पायजे तुला? मी पदरानं कपाळावरचं कुंकू पुसलं आणि पाटावरून उठले.

"आई नाही, शालू बोलतेय. माझी पाळी जायला आलीय म्हणून हा घाम. आणि आकारामशी लग्न मला करायचंय, देवीला नाही."

ढोल थांबला. चारचौघांत पाळीचं नाव! दादा ताडकन उठला, म्हणाला, आजपासून तुझं-माझं नातं तुटलं. मी मात्र पाटावर परत बसले नाही.

तेवढ्यात धोंडुबाई हळूच पुटपुटल्या, "मलाबी असंच पेटायचं... मी कुणाला सांगितलंच न्हाय." वहिनीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. आणि दारात उभा असलेला आकाराम बायकांच्या गर्दीतून वाट काढत माझ्यासमोर आला. लाजेनं लाल झालेला.

"बाई, सगळ्यांदेखत मागणी घातली तुमी. होकार द्यायला मलाच लाज वाटाय लागलीया."

"लाजत द्या," मी म्हटलं, "पण दादाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं द्या."

दिला त्यानं.