सगळे गेले

दुपारचे तीन. सरकारी इमारतीच्या तळघरातलं छोटं प्रेक्षागृह. पडद्यासमोर चित्रपटांना परवानगी देणारे साहेब, मशीनवाला, माझी वहिनी आणि बातमीदार म्हणून मी.

चित्रपट पोलिश, जुन्या काळातला. जमीनदाराचे शिपाई अख्खं गाव धान्याच्या कोठारात कोंडून जाळतात. चौकशीत लिहिलं जातं, गावकरी परगावी गेले. मग ते मेलेले चिखलातून उठतात आणि चालू लागतात. संवाद जवळजवळ नाहीतच. जे होते, त्यांच्या पडद्याखाली उमटणाऱ्या मराठी ओळी लिहिताना वहिनीने रक्ताचं पाणी केलं होतं.

साहेबांनी जांभई दिली. "तेवढं ‘सगळ्यांना मारलं’ काढा. ‘सगळे गेले’ करा. मराठीत अर्थ एकच."

"साहेब, माणूस बाजारालाही जातो."

"मग परवानगी विसरा, बाई."

माझं डोकं सणकलं. कोठडीतला माणूस ‘गेला’ म्हणून सांगणाऱ्यांशी मी उभा जन्म भांडलोय. मी उठलोच होतो.

"भाऊजी, राहू द्या," वहिनी पुटपुटली.

मशीनवाल्याने शब्द बदलून तो प्रसंग पुन्हा लावला.

‘सगळे गेले.’

पडद्यावरचे मेलेले थांबले. त्यांच्या पायांशी गवत मात्र वाऱ्याने हलत होतं. एकेकाने मान वळवली... साहेबांकडे. खोलीत जळक्या धान्याचा वास दाटला.

"पुढे... पुढे घ्या ना."

"पुढेच चाललंय, साहेब..." मशीनवाल्याने बटणावरचा हात काढला. "तेच थांबलेत."

वहिनी उठली. तिने आपली ओळ परत घातली. ‘सगळ्यांना मारलं.’ पडद्यावरच्या एका म्हातारीने तिच्याकडे पाहून मान हलवली. सगळे पुन्हा चालू लागले.

साहेबांनी सही केली.

बाहेर उन्हात आल्यावर वहिनीच्या जिवात जीव आला. "मेलेल्यांना मराठी कळतं, भाऊजी. साहेबांनाच जरा वेळ लागला."

चित्रपट लागला. मला वाटलं होतं, अर्ध्यातच खुर्च्या रिकाम्या होतील. कोणी हललं नाही. जागा न मिळालेल्यांनी भिंतीला टेकून पाहिला. ‘सगळ्यांना मारलं’ नंतर पडद्यावर आणखी एक शब्द उमटला: ‘कोणी?’ एका बाईने तो मोठ्याने वाचला. मग सगळ्या थिएटरने. आता प्रत्येक खेळाला लोक तो वाचतात, आणि दिवे लागले तरी घरी जायचं नाव घेत नाहीत.

वहिनीने तो शब्द लिहिलेला नाही. थिएटरचा मशीनवाला पुन्हा पुन्हा तपासतो. फाइलमध्ये तो नाहीच. चित्रपटात त्या जागी कोणी बोलतही नाही.