सात नंबरचं रडणं

प्रोजेक्टसाठी पाळणा करायचं वर्गमित्र अजहरनं ठरवलं, आणि ठरवताना तो अयोध्याकडं बघून हसला. "तुझ्या घरी रेडिमेड टेस्टिंग पीस आहे. आम्ही कुठून आणावं रडणारं लेकरू?"

मेकॅट्रॉनिक्स डिप्लोमाचं शेवटचं वर्ष होतं. धाराशिवच्या त्या तंत्रनिकेतनात वर्गात मुली तीनच, आणि लेकुरवाळी एकटी अयोध्या. नाव आजीचं, जसंच्या तसं मिळालेलं. दुसऱ्या वर्षानंतर लग्न झालं, एक वर्ष बाळंतपणात गेलं, आणि आता ती रोज सकाळी ढोकीहून एसटीनं येडशीमार्गे यायची आणि उन्हं कलली की परत जायची. नवरा नंदीश चाकणला कंपनीत होता. त्यानं एकदाच सांगितलं होतं, "या वर्षी पास झालीस तर इथंच लावतो तुला. आपण तिघं एका खोलीत राहू. न्हाय झालीस, तर पुस्तकं माळ्यावर आणि तू तिकडं." त्या 'तिघं' या शब्दावर तिचं सगळं शिक्षण चाललं होतं. तिसरी म्हणजे सृष्टी, दहा महिन्यांची. दिवसभर ती सासूजवळ, धुरपताबाईंजवळ असायची.

पाळणा म्हणजे लोखंडी पाइपचा सांगाडा, त्यात कापडी झोळी, बाजूला मोटर. रडणं कानावर पडलं की बोर्डानं मोटरला हुकूम द्यायचा, झोळी अर्धा मिनिट हलायची आणि छोट्या पडद्यावरचा आकडा एकनं वाढायचा. पण वर्कशॉपात ग्राइंडर किंचाळला तरी झोळी हलायला लागली. गौरीशंकर सर म्हणाले, "त्याला खरं रडणं शिकवा. अगदी पहिल्या हुंदक्यापासून. मागं कुकर नको, टीव्ही नको. दहा नमुने आणा."

सृष्टी रडकी नव्हती, हीच पंचाईत. तीन संध्याकाळी अयोध्या फोन घेऊन तिच्या उशाशी बसली. भूक लागली की पोरगी नुसती कुईकुई करायची, आणि आईचं तोंड दिसलं की खुदकन हसायची. धुरपताबाईंना त्याचं भारी कौतुक. "लई गुणाची हाय माझी बाय. बापावर न्हाय गेली."

रविवारी दुपारी धुरपताबाई दळण आणायला गेल्या. अयोध्यानं दार लावलं, पंखा बंद केला, सृष्टीला गोधडीवर निजवलं आणि फोन उशाशी ठेवला. बटण दाबलं. टुंग. मग डाव्या मांडीवर, गुडघ्याच्या जरा वर, जिथं मांस नुसतं लोण्यासारखं असतं, तिथं तिनं चिमटा काढला.

सृष्टी लगेच रडली नाही. आधी तिनं आईकडं बघितलं. कोण आहे ते नीट बघून घ्यावं तसं. दोन सेकंद. मग खालचा ओठ पुढं आला आणि मग ती रडली.

असं सात वेळा झालं. दर वेळी आधी पाजून, थोपटून, हसवून, कारण नमुना पहिल्या हुंदक्यापासून हवा होता. चौथ्या वेळेपासून 'टुंग' वाजलं की पोरीची नजर फोनकडं जायला लागली. आठव्यांदा अयोध्याचा हात उचलेना. तिनं मांडीला खोबरेल लावलं. त्या आठवड्यात व्हाइसच्या लोखंडी जबड्यात सापडून तिच्या अंगठ्याच्या नखाचा कोपरा तुटला होता. म्हणून मांडीवरची प्रत्येक खूण एका टोकाला खाल्लेल्या चंद्रकोरीसारखी उठली होती. तेलानं, पावडरीनं चार दिवसांत त्या गेल्या. धुरपताबाईंना ती म्हणाली, "घामोळं आहे."

अजहरनं कानाला हेडफोन लावून सगळे नमुने ऐकले आणि टाळी वाजवली. "सात नंबर! हे सोनं आहे. काय रडलीय! काय केलंस गं?"

"काय करणार? भूक लागली होती तिला."

आठ दिवस खपून त्यानं बोर्डाला तेवढं एकच रडणं शिकवलं. मग ग्राइंडर चालो, हॉर्न वाजो, पाळणा ढिम्म. अजहरच्या फोनवर सात नंबर लावला की मात्र झोळी झुलायची. आधी टुंग, मग ती दोन सेकंदांची शांतता, मग हुंदका. पहिल्यांदा वर्कशॉपात तो आवाज घुमला तेव्हा अयोध्याला तिथंच पान्हा फुटला. तिनं ॲप्रनची बटणं लावून घेतली.

त्या दिवशी चाचणी चार वेळा झाली. संध्याकाळी तिनं सृष्टीचं झबलं बदलायला घेतलं, तर डाव्या मांडीवर चार खुणा. निळसर, ताज्या.

"आत्या, हे कशानं झालं?"

धुरपताबाई चुलीजवळून उठून आल्या. "डास आसंल की."

"डासाला नखं असतात का?"

"म्हंजी? तुला म्हनायचंय काय?"

"दिवसभर तुमच्याजवळच असते ती. मी काही म्हणत नाही. विचारतेय फक्त."

धुरपताबाईंनी वाकून मांडी बघितली. "म्या चार लेकरं वाढवली, अयोध्या. एकाला चापट न्हाय मारली." एवढंच बोलून त्या आत गेल्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

सकाळी अयोध्या कॉलेजला निघाली, तर म्हातारी उंबऱ्यावर ब्लेड घेऊन बसलेली. दहाही बोटांची नखं मांसापर्यंत काढली होती, दोन बोटांना रक्त आलं होतं. दोन्ही पंजे तिनं सुनेपुढं धरले. "बघ. आता तर न्हाईत ना नखं? का बोटंबी काढू?" आणि सृष्टीला उचललं ते पंजांनी नाही, कोपरांवर टॉवेल टाकून, जणू परक्याचं लेकरू आहे.

अयोध्याला तेव्हाच बोलता आलं असतं. पण एसटीची वेळ झाली होती.

त्या दिवशी चाचण्या सहा झाल्या. मांडीवर खुणा सहा. तिनं दिव्याखाली नेऊन बघितल्या. प्रत्येक कोर एका टोकाला खाल्लेली. मग तिनं स्वतःचा अंगठा बघितला. तुटलेलं नख एव्हाना वाढून सबंध झालं होतं.

पहिल्या वर्षापासून एकच शिकवलेलं: आधी मोजायचं, मग बोलायचं. तिनं प्रोजेक्टच्या वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखले. डावीकडं पडद्यावरचा आकडा, उजवीकडं मांडीवरचा. शनिवारी-रविवारी कॉलेज बंद, दोन्हीकडं शून्य. सोमवारी दोन, दोन. मंगळवारी पाच, पाच. बुधवारी तिनं मुद्दाम घरी फोन लावून कानाला धरला आणि दुसऱ्या हातानं अजहरच्या फोनवर सात नंबर दाबला.

"आत्या, काय करतीय ती?"

"खेळतीय की. पळी घेऊन बसलीय." मग जरा थांबून, "आं... आत्ता दचकली बघ जराशी."

"रडली?"

"न्हाय गं. ती रडतीय कुठं आता?"

समोर झोळी झुलत होती. तेव्हा अयोध्याच्या ध्यानात आलं. गेल्या तीन आठवड्यांत तिनं सृष्टीला रडताना ऐकलंच नव्हतं. पडली तरी नाही, भुकेला नाही. परवा उपकेंद्रात लस टोचली, तर सुई आत जाताना पोरगी नर्सबाईकडं बघत राहिली. नर्सबाई म्हणाली होती, "असं शहाणं लेकरू न्हाय बघितलं बाई."

मांडी न बघताच बुधवारच्या ओळीत तिनं एक, एक असं लिहिलं आणि वही मिटली.

"हा नमुना काढून टाक," ती अजहरला म्हणाली. "दुसरा घालू."

"डोकं फिरलं का? उद्या परीक्षा. बाकीचे सहा लावून बघ, पाळणा हलतो का." तिनं लावून बघितले. पाळणा हलला नाही. "तुला झालंय काय पण?" अजहरनं विचारलं.

सांगायचं तर पहिल्या चिमट्यापासून सांगावं लागलं असतं. "काही नाही," ती म्हणाली.

तिनं मनाशी ठरवलं: परीक्षकांपुढं एकदाच लावायचं. एक चिमटा. एवढा सोसेल पोरगी. पुढं चाकणची खोली आहे, सबंध आयुष्य आहे, तिला छातीशी घेऊन काढायचं.

बाहेरून आलेले परीक्षक लातूरकडचे होते. किडकिडीत, चष्मा नाकावर, घाम पुसून पुसून रुमाल ओला झालेला. एप्रिलच्या उन्हानं वर्कशॉपचे पत्रे तडतडत होते. त्यांनी सांगाड्याभोवती एक चक्कर मारली, बोटानं वायर ढकलून बघितली. "चालवा."

अजहरनं लावलं. टुंग. शांतता. हुंदका. झोळी झुलली. पडद्यावर एक. अयोध्याची छाती भरून आली, दुखायला लागली.

"छान," परीक्षक म्हणाले. "पण एकदा तर कुठलंही यंत्र चालतं. भरवसा काय? दहा पुरे करा. सलग."

"तू लाव," अजहरनं फोन तिच्या हातात दिला. "मी मोटरकडं बघतो."

तिनं फोन धरून ठेवला. "सर, एकदा बघितलं ना तुम्ही."

गौरीशंकर सरांनी डोळे वटारले. परीक्षक हसले. "मॅडम, माझ्याकडं दोन खाने आहेत. पास, नापास. तुम्हीच सांगा, कुठं टिक करू?"

सगळे तिच्याकडं बघत होते. ती नाही म्हणू शकली असती. तिनं बोट टेकवलं.

दोन.

तीन. दर वेळी आधी ती दोन सेकंदांची शांतता. त्या शांततेत काय होतं ते वर्कशॉपात फक्त तिला माहीत होतं. त्या शांततेत सृष्टी तिच्याकडं बघत होती.

चार. पाच. सहा.

सात. ॲप्रनमधून दूध ओघळलं. तिनं वही छातीशी धरली.

आठ. हुंदका घोगरा आला.

अजहरनं मान वर केली. "स्पीकर बिघडत चाललाय वाटतं."

नऊ. नुसता श्वास.

तिचा अंगठा थांबला. "एकच राहिलं," परीक्षक म्हणाले.

टुंग.

मग काही नाही. दोन सेकंद, चार सेकंद, दहा सेकंद. फोनवर रेघ पुढं सरकत होती आणि आवाज नव्हता.

झोळी हलली. आधी हळू, मग लयीत. पडद्यावर दहा.

"आवाज तर आलाच नाही," परीक्षक म्हणाले. "हा हलला कशानं?"

"सेन्सर नाजूक आहे सर," अजहर घाईनं म्हणाला. "आपल्याला न ऐकू येणारंही त्याला येतं."

"वा." त्यांनी पन्नासपैकी अठ्ठेचाळीस लिहिले. आवाज आला नव्हता. पण दूध आलं होतं, दहाव्यांदाही.

स्टँडवरून तिनं घरी फोन लावला. कुणी उचलला नाही. एसटी येडशीला थांबली तेव्हा परत लावला. उचलला नाही. नंतर रेंजच गेली. ढोकीच्या फाट्यापासून घरापर्यंत ती पळत आली, पर्स काखेत दाबून, ऊन डोक्यावर घेऊन.

सृष्टी गोधडीवर बसून पळीनं वाटी बडवत होती. आईला बघून खुदकन हसली.

अयोध्यानं खाली बसून झबलं वर केलं. मांडी स्वच्छ होती. दहा नाही, एकही नाही. कालची बुधवारची खूणसुद्धा नव्हती. दुधावरच्या सायीसारखी कोरी कातडी. तिनं तिथं गाल टेकवला आणि ढसाढसा रडली.

"काय झालं गं? नापास?" धुरपताबाई पदराला हात पुसत आल्या. "फोन चार्जिंगला व्हता, म्या मागं भांडी घासत व्हते."

"पास झाले आत्या." मग तिनं सासूचे हात धरले. नखं अजून आली नव्हती, बोटांची टोकं लाल होती. "आत्या, माझं चुकलं. त्या खुणा..."

"जाऊ दे. लेकराच्या आईला भ्या वाटतंच." म्हातारीनं डब्यातली साखर आणून तिच्या तोंडात घातली. "आता तिघं जावा चाकनला. एका खोलीत ऱ्हावा. चहा टाकते." आणि त्या आत गेल्या.

साखर अजून जिभेवर होती. पर्समधला फोन वाजला. अजहरचा मेसेज असावा.

टुंग.

सृष्टीच्या हातातली पळी पडली. तिनं आईकडं बघितलं. दोन सेकंद. मग स्वतःच झबलं बाजूला सारलं, डावा पाय उचलून आईच्या पंजात ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

तिचं तोंड उघडलं. अगदी मोठं, जिभेमागचं सगळं दिसेल एवढं. गळ्याची शीर ताठ झाली, चेहरा लाल झाला, दोन इवले दात दिसले. आवाज आला नाही. तोंड मिटलं. परत उघडलं.

अयोध्यानं तिला हात लावला नव्हता. ती फक्त मोजत होती.

"बघ की," आतून धुरपताबाई म्हणाल्या. "आई आली तरी गप हाय. लई गुणाची."

दहाव्या वेळी तोंड मिटलं. सृष्टीनं डोळे उघडले, आईकडं बघून हसली, डावा पाय खाली ठेवला आणि उजवा पुढं केला.