कबुतरामागची खिडकी

फोटोत कबूतर धूसर आलं, आणि त्याच्या मागच्या खिडकीतला माणूस मात्र इतका लख्ख, की त्याच्या दाढीचे खुंट मोजता आले असते.

ती चमकलीच. कोण होता हा?

जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानाच्या गच्चीवर ती लांबचं जवळ आणणारी टेलिफोटो लेन्स पारखायला आली होती. लेन्स गच्चीवर न्यावी, मनसोक्त तपासावी, मगच घ्यावी, ही दुकानदारकाकांची पद्धत. ती प्राण्यांच्या दवाखान्यात नर्स होती आणि सुट्टीच्या दिवशी तळ्याकाठी पक्ष्यांमागे हिंडायची. तोंडाला विश्रांती ठाऊक नाही म्हणून घरचे तिला टिटवी म्हणत. नवी लेन्स परवडणारी नव्हती, म्हणून ही सेकंडहँड. टॉर्च मारून बघितलं, आत बुरशी नव्हती. काचेवर ओरखडा नव्हता. मग समोरच्या तारेवरच्या कबुतरावर फोकस धरला, तर हे असं.

तिने पुन्हा फोटो काढला. कबूतर पुन्हा धूसर. खिडकीतला माणूस आता थेट तिच्याकडे बघत होता, आ वासून. तिसऱ्या फोटोत खिडकी रिकामी होती आणि जिन्यावर धाडधाड पावलं वाजत होती.

"माझे फोटो काढताय?" तो धापा टाकत म्हणाला.

"तुमचे कशाला काढू? कबुतराचे काढतेय. तुम्ही मध्ये आलात."

"मी माझ्या दवाखान्यात उभा होतो..."

"बरं, मागे आलात. पण कबुतरापेक्षा बरे आलात हो, हे मान्य करायला हवं."

हे आपण बोललो? तिचे कान तापले. पण त्याचं लक्षच नव्हतं. तो तिच्या हातातल्या लेन्सकडे बघत होता आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ही माझी लेन्स आहे," तो म्हणाला. "होती. गेल्याच महिन्यात काकांना विकली. खुशाल घ्या. दोष लेन्समध्ये नव्हता."

"मग कशात होता?"

त्याने दोन्ही हात खिशात घातले. घरच्यांना सांगता येत नाही ते कधी कधी परक्या माणसाला सांगता येतं, तसं त्याने सांगून टाकलं. तो दातांचा डॉक्टर. वर्षभर त्याच्या फोटोंतला एकेक पक्षी धूसर येत होता. त्याचे वडीलही दातांचेच डॉक्टर होते, आणि याच वयात त्यांचा हात थरथर कापायला लागला होता. हाताचं कापणं टेलिफोटोत सगळ्यांत आधी दिसणार, म्हणजे आपलीही पाळी आली, असं तो धरून चालला होता. भीतीपोटी तपासूनही घेतलं नव्हतं. दवाखान्याचं सामान बांधून झालं होतं. संध्याकाळी टेम्पो येणार, आणि उद्यापासून तो दुसऱ्या गावी भावाच्या फरशीच्या दुकानात बसणार.

"पेशंटच्या तोंडात हात हलला तर काय करू?" तो म्हणाला.

टिटवीने पहिला फोटो परत उघडला. मग तिने कॅमेरा त्याच्या नाकासमोर धरला.

"अहो, हात हलला की सगळा फोटो हलतो. इथे तुमची दाढी बघा, एकेक केस दिसतोय. फोकस कबुतरावर न बसता मागे पडतोय. बिघडलीय ती लेन्स!"

"हे तुमच्या हाताने काढलेत."

"मग तुमच्या हाताने काढा. फोकस कबुतरावरच धरा."

कॅमेरा त्याच्या गळ्यात अडकवून ती जिना उतरली, रस्ता ओलांडला आणि त्याच्या दवाखान्याच्या खिडकीत खोक्यांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. समोरच्या गच्चीवर त्याने कॅमेरा उचलला... खाली घेतला... आणि मटकन खाली बसला. आपण काय करून बसलो हे?

तो आला तो कॅमेऱ्याच्या पडद्यावर नजर ठेवूनच.

"तुमच्या पापण्यांचा एकेक केस... सुटा दिसतोय," तो म्हणाला. "वर्षभर मी फक्त पक्ष्याचा डोळा बघायचो. धूसर दिसला की फोटो पुसून टाकायचो. मागे काय आहे, ते बघितलंच नाही."

तिनेही तेच केलं असतं. पक्ष्यांच्या मागे लागलेली माणसं डोळ्यापलीकडे बघतच नाहीत.

"मग आता हे बांधलेलं सामान सोडा."

"फोटो वेगळा, दात वेगळा," तो खोक्यांकडे बघत म्हणाला. "माझा माझ्यावरच विश्वास राहिला नाही."

"माझी अक्कलदाढ महिनाभर ठणकतेय. काढा."

आपल्याच तोंडून हे ऐकून ती हबकली. तो तर तिच्याहून जास्त.

"वेडी आहेस का तू?"

त्याच्या तोंडचं "तुम्ही" कुठे गेलं, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"आमच्याकडे कुत्र्याचा दात काढतानाही भूल देतात. तेवढी द्या, मग चावणार नाही."

खोकी उघडली. एक्स-रे झाला, हत्यारं निर्जंतुक झाली, सुई टोचली. खुर्चीत मान टेकल्यावर मात्र तिने खुर्चीचे हात घट्ट धरले. तिने डोळे गच्च मिटले, मग न राहवून उघडले. चिमटा धरलेला त्याचा हात अगदी तिच्या चेहऱ्यावर होता. स्थिर होता.

दाढ निघाली. खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. तो खिडकीतून वाकला आणि टेम्पोवाल्याला म्हणाला, "दादा, परत जा. सामान कुठे जात नाहीये."

मग तो तिच्याशेजारी स्टुलावर बसला आणि स्वतःचा हात उलटासुलटा करून बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तो ते लपवत नव्हता.

"कापूस घट्ट दाबून धर. बोलू नकोस," तो म्हणाला. "मीच बोलतो. मघाशी मी भांडायला आलो नव्हतो. खिडकीतून तू दिसलीस आणि वाटलं, गाव सोडायच्या दिवशीच हिने दिसावं? भांडण आपलं निमित्त. रविवारी तळ्यावर येशील? माझ्याबरोबर?"

टिटवीला सांगण्यासारखं केवढं तरी होतं. तिने कापूस काढला.

"अगं, रक्त येईल..."

"हो," ती म्हणाली. ओठ बधिर होते, शब्द वाकडाच आला. त्याला तो कळला.