राख पुसायची नाही

"पुसू नका."

रोझमेनचा हात हवेतच थांबला. तिच्या पांढऱ्या बाहीवर राखेचं एक लांबट काळं पान येऊन बसलं होतं. बेल ग्लेड गावाभोवतीचे उसाचे फड तोडणीआधी पेटवले होते, आणि लायसन्स ऑफिसच्या आवारात सकाळपासून राख तरंगत होती.

"पुसली की डाग पडतो. नुसती फुंकर घाला."

बोली तिच्या घरची होती, हैतीच्या उत्तरेकडची. निळ्या टोयोटाला टेकून एक उंच माणूस उभा होता. तिने फुंकर घातली. पान उडालं ते थेट त्याच्या शर्टावर जाऊन बसलं.

"म्हणजे उपाय मीच सांगायचा आणि भोगायचंही मीच… ठीक आहे, मिस."

तिकडे हैतीत नर्सला 'मिस' म्हणतात. दोन वर्षांत या गावात तिला कोणी तशी हाक मारली नव्हती. इथे ती नर्स नव्हतीच. लोकांच्या घरी जाऊन म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणारी बाई होती.

"कशावरून ओळखलंत?"

"बुटांवरून. आणि नापास झालात ते चेहऱ्यावरून. पण तसा चेहरा सध्या इथे सगळ्यांचाच असतो."

ती हसणार होती, पण हसू अर्ध्यावर राहिलं. दुसऱ्यांदा नापास झाली होती. लेखी परीक्षा ती पास झाली होती. अडत होतं ते रस्त्यावर. यंदापासून सगळी परीक्षा इंग्रजीत, दुभाष्या चालत नाही. परीक्षक म्हणायचा, डावीकडे घ्या. तो शब्द तिच्या डोक्यात इंग्रजीतून फ्रेंचमध्ये आणि फ्रेंचमधून घरच्या बोलीत उतरेपर्यंत वळण मागे गेलेलं असायचं.

त्याचं नाव विल्नेर. साखर कारखान्यात दुसऱ्या पाळीला मेकॅनिक. "मी आपल्या भाषेत परीक्षा दिली, तेव्हा चालायचं. इंग्रजी म्हणाल तर मला 'थँक यू' पण विचार करून म्हणावं लागतं. मला भाषा नाही, लायसन्स आहे. तुम्हाला भाषा आहे, लायसन्स नाही."

"मग आपण दोघं मिळून एक माणूस झालो."

बोलून गेल्यावर तिचे कान तापले. तो मात्र राखेकडे बघत उभा राहिला, जणू ऐकलंच नाही.

त्यानंतर रोज सकाळी निळी टोयोटा तिच्या दारात उभी राहू लागली. शिकाऊ परवान्यावर ती चालवायची. शेजारी लायसन्सवाला बसलेला हवा, म्हणून तो बसायचा. कालव्याच्या रस्त्याने मिस्टर हॉलिस यांच्या घरापर्यंत. म्हाताऱ्याच्या पायाची जखम रोज धुवावी लागायची. त्या बाजूला बस जात नव्हती. तिला घरोघरी कामाला पाठवणाऱ्या कंपनीने बजावलं होतं: महिनाअखेरपर्यंत लायसन्स दाखव, नाहीतर हॉलिस दुसऱ्या बाईकडे जातील, आणि तुला दुसरं काम मिळणार नाही. मातांत जोझेतने, तिच्या मावशीने, तर ब्रुकलिनच्या बहिणीला फोनही करून ठेवला होता. "तिकडे बस आहे, रेल्वे आहे, आपली माणसं आहेत. इथे गाडीशिवाय बाई म्हणजे पाय बांधलेली कोंबडी."

विल्नेर परीक्षक व्हायचा. डोळे मिटून, आवाज जाड करून, भयंकर इंग्रजीत हुकूम सोडायचा.

"डोळे का मिटता?"

"परीक्षक रस्त्याकडे बघत नाही, मिस. कागदाकडे बघतो."

"आणि हॉर्न वाजवू नका म्हणालात, पण वळणावर हॉर्न न वाजवता कशी वळू? समोरच्याला कळणार कसं?"

"इथे त्याला कळलेलंच असतं. ऐकलं की लगेच करायचं, एवढंच लक्षात ठेवा. विचार नको."

हॉलिसच्या फाटकाशी ती दर वेळी म्हणायची, "मेर्सी, शोफेर." गावाकडच्या सवारी गाडीत उतरायचं असलं की चालकाचे असेच आभार मानतात. ते ऐकलं की चालकाने गाडी थांबवायची.

"गाडी तुम्ही चालवताय. शोफेर मी कसा?"

"सवय."

तो उतरून चालकाच्या जागेवर यायचा. समोरासमोर जाताना दोघंही एकाच बाजूला सरकायचे, मग दोघंही दुसऱ्या. एकदा त्याच्या पापणीवर राखेचा कण होता. तिने श्वास घेतला… आणि नुसताच सोडून दिला.

पास झाली तर शेजारची जागा रिकामी होणार. नापास झाली तर ब्रुकलिन. तिने दोन्ही बाजूंनी मांडून पाहिलं. दोन्हीकडून उत्तर तेच येत होतं, आणि त्यात विल्नेर नव्हता. त्यालाही हे कळलं असावं. शेवटच्या आठवड्यात त्याचे विनोद आटले.

परीक्षेच्या सकाळी दव पडलं होतं. परीक्षक नवा होता, बदली होऊन आलेला, आवाजाने मऊ.  डावीकडे म्हणाला, रोझमेन वळली. थांबा म्हणाला, थांबली. शब्द येत होता आणि हात चालत होते, मधे काहीच नव्हतं. तिला आतून हलकं हलकं वाटू लागलं.

कालव्याच्या रस्त्यावर धूर वळला. राखेची काळी पानं दवाने ओल्या काचेवर एकामागून एक येऊन चिकटली.

"वायपर्स, प्लीज."

समजलं. त्याच क्षणी समजलं, आणि हात गेला.

काच काळी झाली. रस्ता नाही, कालवा नाही, काहीच नाही. तिने ब्रेक दाबला. मागून ट्रकचा हॉर्न जवळ येत गेला, येतच गेला, आणि गाडीला घासल्यासारखा बाजूने निघून गेला.  परीक्षकाने कागदावर एक रेघ मारली.

परत आल्यावर विल्नेरने काच पाहिली.  पाण्याचा कॅन आणला आणि काचेवर ओतू लागला. ती आतच बसून होती.

"तुम्हाला माहीत होतं," शेवटी तो म्हणाला. "पुसायचं नाही ते."

"माहीत होतं. पण पहिल्यांदाच त्याचं बोलणं लगेच कळलं हो… इतका आनंद झाला की हात आधी गेला."

पाणी काळं होऊन वाहत राहिलं. त्याचा चेहरा तुकड्यातुकड्याने दिसू लागला. आधी कपाळ, मग डोळे. ते ओले होते.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "विचार नको, असं मीच शिकवलं."

शनिवारी तो तिला बस स्टँडवर सोडायला निघाला. आज तोच चालवत होता. मागच्या सीटवर तिची बॅग, मांडीवर मातांत जोझेतने दिलेली तळलेली केळी. हॉलिस काल तिचा हात सोडत नव्हते. सोमवारपासून त्यांच्याकडे दुसरी बाई येणार होती, तिला जखम धुता येत नव्हती, पण लायसन्स होतं.

"ब्रुकलिनला आपल्या भाषेत परीक्षा देता येते म्हणे," तो समोर बघत म्हणाला. "आणि तिकडचं लायसन्स इकडे चालतं. कोणी काही विचारत नाही."

"म्हणजे कालव्याच्या रस्त्यावर गाडी चालवायला मी बर्फात जाऊन यायचं."

"असंच आहे ते."

 दोन्ही बाजूंना तोडलेले, काळे, मोकळे फड.

"मेर्सी, शोफेर."

त्याने गाडी थांबवली. सवयच ती. मग इकडेतिकडे पाहिलं. घर नव्हतं, फाटक नव्हतं.

"इथे कोण राहतं, मिस?"

"कोणी नाही. मला इथेच थांबायचं होतं… बस स्टँडवर लोक असतात." तिने केळ्यांची पिशवी खाली ठेवली. "मी लायसन्ससाठी परत येणार असेन तर येणारच नाही. तेवढ्यासाठी इतक्या लांब कोण येतं."

स्टिअरिंगवर त्याची बोटं घट्ट झाली. "मग कशासाठी येशील?"

पहिल्यांदाच 'तू'. त्याच्या ध्यानातही आलं नाही.

"तू सांग. माझ्या तोंडून काढू नकोस. मला प्रत्येक गोष्ट तीन भाषांतून फिरून येते."

"माझ्यासाठी ये, रोझमेन." तो तिच्याकडे वळला. "ऊसतोडणी संपली की मी घ्यायला येतो. येताना गाडी तू चालव. मी शेजारी बसेन… लायसन्स असलं तरी बसेन."

उघड्या खिडकीतून राखेचं एक पान आत आलं आणि त्याच्या पापणीवर टेकलं. त्याने हात उचलला.

"पुसू नकोस," ती म्हणाली, आणि जवळ सरकली.