मास्तरांच्या कोटाची बटणं

“ताई आईचा जीव घेणार,” अशिलाने खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं.

खासगी गुप्तहेर असलेल्या त्या बाईंना सगळे वहिनी म्हणत, अगदी त्यांनी पकडून दिलेले चोरसुद्धा. शेजारच्या खुर्चीत मास्तर होते. निवृत्त, घरात एकटे. वहिनींच्या मागे फिरण्याखेरीज त्यांना उद्योग नव्हता आणि तपासात आपला उपयोग शून्य, हे त्यांना ठाऊक होतं.

आईला लघवीचा संसर्ग झाला होता. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. ताईचा मात्र क्रॅनबेरी या आंबट फळाच्या रसावर भरवसा.

“आई एकटी राहते. रोज सकाळी मी जाऊन पाकिटातली कॅप्सूल तिच्या हातावर ठेवतो आणि कामावर पळतो. तरी ताप हटत नाही. संध्याकाळी ताई रस पाजते, त्यात काहीतरी कालवत असणार. आता तिला घरात पाऊल टाकू देणार नाही.”

वहिनींनी डॉक्टरांना फोन लावला.

“रसाने औषध मरत नाही,” डॉक्टर म्हणाले. “त्रास पुन्हा होऊ नये म्हणून कुणाला त्याचा उपयोग होतो, पण झालेला संसर्ग त्याने जात नाही. कॅप्सूलने लघवी गडद होईल, त्याला घाबरू नका. ताप मात्र वाढला तर मूत्रपिंडावर बेतेल.”

संध्याकाळी वहिनी आणि मास्तर आईकडे गेले. तिने उभा जन्म शिवणकाम केलेलं. तापातही तिचं लक्ष आधी मास्तरांच्या कोटाकडे गेलं.

“दोन बटणं गेलीत. घरात कुणी बघत नाही वाटतं?”

“कुणी नाही,” मास्तर म्हणाले.

“द्या इकडे.” तिचा हात उशाजवळच्या फळीकडे गेला आणि मागे आला. “राहू द्या. बटणांचा डबा सापडत नाही हल्ली.”

मशीनवर सुया, रिळं, कात्री, खडू सगळं जागच्या जागी होतं. मास्तरांना तिची कीव आली. म्हातारपण, दुसरं काय.

स्वयंपाकघरात ताई पेला विसळत होती. “मी विष कालवते म्हणाला ना? आधी मी चाखते, मग आईला देते.”

“लघवी कशी होते?” वहिनींनी विचारलं.

“भांडं मीच उचलते. फिकट आणि गढूळ.”

“आई बरी असताना कधी येता?”

ताईने तोच पेला पुन्हा विसळला. “जमेल तसं.”

वहिनींनी अशिलाला बोलावून घेतलं आणि दोघा भावंडांना आईच्या पलंगाशी जमवलं.

“लघवी गडद व्हायला हवी, ती फिकट आहे. म्हणजे औषध पोटात गेलंच नाही. कॅप्सूल तुम्ही स्वतः काढता, तेव्हा ताई नसते. मग हातावरून तोंडापर्यंतच्या वाटेवर एकच माणूस उरतं. आणि जिची सुईसुद्धा जागा सोडत नाही, तिचा डबा हरवेल? मास्तर, फळीवर बघा.”

डब्यात बटणांच्या खाली कॅप्सूल होत्या.

आई कुणाकडे बघत नव्हती. “बरी असते तेव्हा बेल वाजत नाही रे. आजारी आहे तोवर सकाळी तू येतोस, संध्याकाळी ही.”

मुलाने डॉक्टरांना फोन लावला, मुलगी आईच्या उशाशी बसली. कोणाचं औषध खरं, हे कुणी विचारलं नाही.

डॉक्टर येऊन गेले, ताप पाहून त्यांनी औषध बदललं. मुलाने पाणी धरलं, मुलीने कॅप्सूल गिळल्याची खात्री केली. काम संपलं होतं. आता मास्तरांना परत आपल्या रिकाम्या घरी जायचं होतं. दाराशी पोचल्यावर त्यांनी कोटाचं तिसरं बटण पिरगाळून तोडलं आणि ते मागे वळले.

“बाई, हेही निघालं. बऱ्या झालात की शिवून द्याल?”

“तिन्ही देईन.”

“एकदम नको,” मास्तर म्हणाले. “एका दिवशी एकच शिवा.”